संगणक प्रोसेसरच्या पिढ्या व नामकरण पद्धती

हा लेख प्रोसेसरच्या व्यापारी नावांविषयी व त्या नावांतील ‘पिढी’ या संज्ञेविषयी आहे.

संगणक प्रोसेसरचे नामकरण म्हणजे निर्माती कंपनी आपल्या प्रोसेसरांना ओळखण्यासाठी वापरते ती नावे, अंक व अक्षरे यांची पद्धत. प्रोसेसरला मराठीत प्रक्रियक किंवा सूक्ष्मप्रक्रियक असेही म्हणतात. आजच्या बहुतेक नावांत चार घटक असतात : कुटुंबाचे नाव, त्या कुटुंबातील श्रेणी, पिढी दर्शवणारा अंक आणि उपयोग दर्शवणारे अंत्याक्षर. उदाहरणार्थ, ‘इंटेल कोअर आय५-८२५०यू’ या नावात ‘कोअर’ हे कुटुंब, ‘आय५’ ही श्रेणी, ‘८’ ही पिढी, ‘२५०’ हा त्या पिढीतील मॉडेल क्रमांक आणि ‘यू’ हे कमी वीज वापरणाऱ्या लॅपटॉप प्रोसेसरचे चिन्ह आहे.

हे नाव व्यापारी ओळख असते. ते कार्यक्षमतेचे मोजमाप नसते. श्रेणीचा अंक एकाच पिढीतील प्रोसेसरांची तुलना करण्यापुरता उपयोगी असतो. वेगवेगळ्या पिढ्यांतील ‘आय३’, ‘आय५’ व ‘आय७’ यांची केवळ त्या अंकांवरून तुलना केल्यास निष्कर्ष चुकतो. याचा परिणाम विद्यार्थ्यांच्या खरेदीवर, जुन्या संगणकांच्या किमतीवर आणि शाळा-कार्यालयांच्या निविदांवर होतो.

== ‘पिढी’ या शब्दाचे अर्थ ==

संगणकशास्त्रात ‘पिढी’ हा शब्द किमान तीन अर्थांनी वापरला जातो.

पहिला अर्थ पाठ्यपुस्तकांतील आहे. त्यानुसार निर्वात नलिकांचे संगणक ही पहिली पिढी, ट्रान्झिस्टरचे संगणक ही दुसरी, एकात्मिक परिपथांचे संगणक ही तिसरी आणि सूक्ष्मप्रक्रियकांवर आधारलेले संगणक ही चौथी पिढी होय. पाचव्या पिढीचा संबंध कृत्रिम बुद्धिमत्तेशी जोडला जातो. या अर्थाने इंटेलचा ‘दुसऱ्या पिढीचा’ व ‘चौदाव्या पिढीचा’ असे दोन्ही प्रोसेसर चौथ्या पिढीतील संगणकांचेच घटक ठरतात.

दुसरा अर्थ रचनेचा आहे. प्रोसेसरच्या अंतर्गत रचनेचा नवा आराखडा तयार झाला की तज्ज्ञ त्याला नवी पिढी म्हणतात. या आराखड्याला सूक्ष्मरचना म्हणतात. नेहालेम, स्कायलेक, झेन ही अशा आराखड्यांची नावे आहेत.

तिसरा अर्थ व्यापारी आहे. कंपनी साधारणतः दर वर्षी नवी मालिका बाजारात आणते आणि तिला पुढचा क्रमांक देते. आराखडा तोच असला तरीही मालिकेचा क्रमांक वाढू शकतो. खोक्यावर किंवा जाहिरातीत छापलेली पिढी या तिसऱ्या अर्थाची असते. दुसरा व तिसरा अर्थ एकच मानल्यामुळे बहुतेक गैरसमज निर्माण होतात.

== इतिहास ==

=== अंकांची नावे ===

इंटेलचा ४००४ हा पहिला व्यापारी सूक्ष्मप्रक्रियक नोव्हेंबर १९७१ मध्ये जाहीर झाला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तो एका जपानी कंपनीच्या गणनयंत्रासाठी तयार करण्यात आला होता. ४००१, ४००२, ४००३ व ४००४ अशा चार चिपांच्या संचातील हा चौथा घटक असल्याने त्याला हा क्रमांक मिळाला. तो एका वेळी ४ बिटांवर काम करत असे. त्यानंतर ८ बिटांचे ८००८ (१९७२), ८०८० (१९७४) व ८०८५ (१९७६) हे प्रोसेसर आले. ८०८५ मधील अखेरचा ५ हा अंक केवळ ५ व्होल्ट वीजपुरवठ्यावर चालण्याच्या सोयीचा निदर्शक होता.

१९७८ मध्ये १६ बिटांचा ८०८६ आला. त्याचीच आज्ञावली पुढच्या मालिकांत कायम राहिल्याने त्या परंपरेला ‘एक्स८६’ हे नाव पडले. १९७९ चा ८०८८ हा नावाने मोठा वाटत असला, तरी बाहेरच्या घटकांशी तो एका वेळी ८ बिटांचीच देवाणघेवाण करत असे. १९८१ च्या आयबीएम वैयक्तिक संगणकात हाच प्रोसेसर होता. पुढे ८०२८६ (१९८२), ३२ बिटांचा ८०३८६ (१९८५) व ८०४८६ (१९८९) आले. व्यवहारात त्यांना २८६, ३८६ व ४८६ म्हटले जाई. भारतातील अनेक अभियांत्रिकी अभ्यासक्रमांत सूक्ष्मप्रक्रियकांची ओळख ८०८५ व ८०८६ यांच्यापासून करून दिली जाते.

अंत्याक्षरांमुळे होणारा गोंधळ याच काळात सुरू झाला. ‘३८६एसएक्स’ मध्ये ‘एसएक्स’ म्हणजे बाहेरचा माहितीमार्ग ३२ ऐवजी १६ बिटांचा. ‘४८६एसएक्स’ मध्ये मात्र त्याच अक्षरांचा अर्थ होता की दशांश गणितासाठीचा स्वतंत्र विभाग उपलब्ध नाही. एकाच कंपनीच्या लागोपाठच्या दोन मालिकांत एकाच चिन्हाचे दोन अर्थ झाले.

=== पेंटियम ===

एएमडी, सायरिक्स इत्यादी कंपन्या ३८६ व ४८६ या अंकांनीच आपले सुसंगत प्रोसेसर विकत होत्या. १९९१ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने ‘३८६’ या अंकावर व्यापारचिन्ह म्हणून इंटेलचा हक्क मान्य केला नाही. त्यामुळे मार्च १९९३ मध्ये आलेल्या पाचव्या प्रोसेसरला ५८६ न म्हणता ‘पेंटियम’ असे नाव देण्यात आले. ग्रीक भाषेत ‘पेंटे’ म्हणजे पाच. पेंटियमच्या विकासाचे नेतृत्व करणाऱ्यांपैकी प्रमुख असलेले विनोद धाम यांचा जन्म १९५० मध्ये पुण्यात झाला.

शब्दरूप नावाने कंपनीचे हक्क सुरक्षित झाले, पण नाव आणि क्रम यांचा संबंध तुटला. पाच या अर्थाचे नाव सहाव्या व त्यापुढील आराखड्यांनाही चालू राहिले : पेंटियम प्रो (१९९५), पेंटियम २ (१९९७), पेंटियम ३ (१९९९) व पेंटियम ४ (२०००). १९९८ मध्ये स्वस्त संगणकांसाठी ‘सेलेरॉन’ व सर्व्हरसाठी ‘झिऑन’ ही स्वतंत्र कुटुंबे निर्माण झाली. सर्वोच्च श्रेणीचे म्हणून आलेले पेंटियम हे नाव पुढे कोअर आय३ च्याही खालच्या श्रेणीसाठी वापरले गेले. २०२३ पासून नव्या लॅपटॉप मालिकांत पेंटियम व सेलेरॉन या नावांच्या जागी केवळ ‘इंटेल प्रोसेसर’ असे नाव आले. एखाद्या कुटुंबाची प्रतिष्ठा काळानुसार बदलते, याचे हे ठळक उदाहरण होय.

=== वेग आणि मॉडेल क्रमांक ===

या काळात ग्राहक प्रोसेसरची तुलना मुख्यतः मेगाहर्ट्‌झ या घड्याळगतीच्या एककावरून करत. मार्च २००० मध्ये एएमडी व इंटेल यांनी काही दिवसांच्या अंतराने १ गिगाहर्ट्‌झचे प्रोसेसर जाहीर केले. परंतु प्रत्येक ठोक्यात किती काम पूर्ण होते हे आराखड्यावर अवलंबून असल्याने गतीचा आकडा अपुरा ठरू लागला. एएमडीने २००१ च्या ॲथलॉन एक्सपी मालिकेत प्रत्यक्ष गतीऐवजी तुलनात्मक क्रमांक दिला. ‘१८००+’ या प्रोसेसरची घड्याळगती १.५३ गिगाहर्ट्‌झ होती. इंटेलने २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत रद्द केला आणि त्याच वर्षी गतीऐवजी मॉडेल क्रमांकांची पद्धत स्वीकारली. गतीचा आकडा नावातून गेल्यावर ग्राहकाला दोन प्रोसेसर एकमेकांशी जोडून पाहण्याचे सोपे, जरी अपुरे, साधन उरले नाही.

== इंटेल कोअर मालिका ==

‘कोअर’ हे नाव २००६ मध्ये कोअर ड्युओ व कोअर २ ड्युओ यांच्यासह आले. कोअर आय७ नोव्हेंबर २००८ मध्ये, आय५ सप्टेंबर २००९ मध्ये व आय३ जानेवारी २०१० मध्ये आला. यांतील ३, ५, ७ व पुढे आलेला ९ हे अंक श्रेणीचे निदर्शक आहेत. ते प्रोसेसरमधील गाभ्यांची संख्या दर्शवत नाहीत. आय३ मध्ये तीन व आय७ मध्ये सात गाभे असतात हा समज चुकीचा आहे.

पहिल्या पिढीत तीन अंकी मॉडेल क्रमांक होते. दुसऱ्या पिढीपासून चार अंकी क्रमांक आले व त्यांतील पहिला अंक पिढीचा ठरला.

| पिढी | आराखड्याचे सांकेतिक नाव | आरंभ | उदाहरण |
|---|---|---|---|
| पहिली | नेहालेम | २००८ | आय७-९२० |
| दुसरी | सँडी ब्रिज | २०११ | आय५-२४०० |
| तिसरी | आयव्ही ब्रिज | २०१२ | आय५-३४७० |
| चौथी | हॅसवेल | २०१३ | आय५-४५९० |
| पाचवी | ब्रॉडवेल | २०१४ | आय५-५२००यू |
| सहावी | स्कायलेक | २०१५ | आय५-६५०० |
| सातवी | कॅबी लेक | २०१६ | आय५-७२००यू |
| आठवी | कॅबी लेक आर, कॉफी लेक | २०१७ | आय५-८२५०यू |
| नववी | कॉफी लेकची नवी आवृत्ती | २०१८ | आय५-९४०० |
| दहावी | आइस लेक, कॉमेट लेक | २०१९ | आय५-१०२१०यू |
| अकरावी | टायगर लेक, रॉकेट लेक | २०२० | आय५-११३५जी७ |
| बारावी | ऑल्डर लेक | २०२१ | आय५-१२४०० |
| तेरावी | रॅप्टर लेक | २०२२ | आय५-१३४०० |
| चौदावी | रॅप्टर लेकची नवी आवृत्ती | २०२३ | आय५-१४४०० |

दहाव्या पिढीपासून पिढीचा क्रमांक दोन अंकी झाल्याने वाचनात एक अडचण उद्भवते. ‘आय५-११३५जी७’ हा क्रमांक चार अंकी असला तरी तो पहिल्या पिढीचा नसून अकराव्या पिढीचा आहे. त्यात ‘११’ ही पिढी व ‘३५’ हा मॉडेल क्रमांक आहे. त्याचप्रमाणे ‘आय७-१०६५जी७’ हा दहाव्या पिढीचा आहे. कोअर मालिकेतील चार अंकी क्रमांकाची सुरुवात १ ने होत असल्यास पहिले दोन अंक पिढीचे समजावेत.

व्यापारी पिढी व आराखडा यांचे नाते नेहमी सरळ नसते. दहाव्या पिढीत आइस लेक हा नवा आराखडा आणि कॉमेट लेक हा जुन्या स्कायलेक परंपरेतील आराखडा ही दोन्ही कुटुंबे शेजारी-शेजारी विकली गेली. तेराव्या पिढीतील काही मॉडेलांत बाराव्या पिढीचाच आराखडा आहे.

=== अंत्याक्षरे ===

एकाच श्रेणीचे व पिढीचे दोन प्रोसेसर अंत्याक्षरामुळे अगदी वेगळे असू शकतात. प्रमुख अक्षरांचे अर्थ पुढीलप्रमाणे आहेत.

* यू : कमी वीज वापरणारे, पातळ लॅपटॉपसाठी.
* एच व एचएक्स : अधिक वीज वापरणारे, अधिक क्षमतेच्या लॅपटॉपसाठी.
* के : घड्याळगती वाढवण्याची मुभा असलेले, टेबलावरील संगणकांसाठी.
* एफ : चित्रदर्शनाचा अंतर्भूत विभाग नसलेले. अशा संगणकाला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लावावे लागते.
* टी : टेबलावरील लहान संगणकांसाठी, कमी वीज वापरणारे.
* जी व पुढील अंक : अंतर्भूत ग्राफिक्स विभागाची पातळी.

अंत्याक्षर नसल्यास तो प्रोसेसर सामान्यतः टेबलावरील संगणकाचा असतो. लॅपटॉपमध्ये प्रत्यक्ष कामगिरी ही उष्णता बाहेर टाकण्याच्या सोयीवरही अवलंबून असते. आय५-११३५जी७ हा प्रोसेसर १२ ते २८ वॉट या कक्षेत चालवण्याची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला असते. त्यामुळे नाव तेच असूनही दोन लॅपटॉपांचा वेग वेगळा आढळतो.

=== २०२३ नंतरचा बदल ===

२०२३ मध्ये इंटेलने नव्या मालिकांतून ‘आय’ हे अक्षर काढून टाकले आणि पिढीचा उल्लेखही वगळला. डिसेंबर २०२३ मध्ये ‘कोअर अल्ट्रा’ ही मालिका आली व क्रमांक पुन्हा तीन अंकी झाले. ‘कोअर अल्ट्रा ५’ व ‘कोअर ५’ ही नावे जवळजवळ सारखी असली, तरी २०२४ च्या आरंभी आलेल्या ‘कोअर ५ १२०यू’ मध्ये रॅप्टर लेक परंपरेतील जुना आराखडा आहे. पंधरावी पिढी या नावाची मालिका कंपनीने काढलेली नाही.

== एएमडी रायझन मालिका ==

एएमडीने मार्च २०१७ मध्ये झेन या आराखड्यावर आधारलेली ‘रायझन’ मालिका आणली. रायझन ३, ५, ७ व ९ या श्रेणी इंटेलच्या श्रेणींना समांतर आहेत. चार अंकी क्रमांकातील पहिला अंक मालिकेचा असतो. टेबलावरील संगणकांत १००० मालिका झेन, २००० मालिका झेन+, ३००० मालिका झेन २, ५००० मालिका झेन ३, ७००० मालिका झेन ४ व ९००० मालिका झेन ५ या आराखड्यांची आहे.

या क्रमाला महत्त्वाचे अपवाद आहेत. अंतर्भूत ग्राफिक्स असलेले प्रोसेसर अनेकदा एक आराखडा मागे असतात. उदाहरणार्थ, रायझन ५ ३४००जी हा ३००० मालिकेचा असला तरी त्याचा आराखडा झेन २ नसून झेन+ आहे. ५००० मालिकेतील लॅपटॉप प्रोसेसरांत ५५००यू व ५७००यू हे झेन २ चे, तर ५६००यू व ५८००यू हे झेन ३ चे आहेत. येथे ५७००यू हा क्रमांक ५६००यू पेक्षा मोठा असूनही त्याचा आराखडा जुना आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये एएमडीने लॅपटॉप प्रोसेसरांसाठी नवी पद्धत जाहीर केली. तीत पहिला अंक वर्षाचा, दुसरा बाजारातील स्थानाचा व तिसरा आराखड्याचा असतो. त्यानुसार ‘७५२०यू’ मधील ७ हा २०२३ या वर्षाचा आणि २ हा झेन २ चा निदर्शक आहे. झेन २ हा आराखडा २०१९ चा असल्याने हा प्रोसेसर नव्या क्रमांकाखाली विकला गेलेला जुना आराखडा होय. ही माहिती नावात उघड आहे, परंतु तिसरा अंक वाचण्याची सवय नसलेल्या ग्राहकाला पहिला अंकच दिसतो. २०२४ मध्ये लॅपटॉपसाठी ‘रायझन एआय ३००’ हे आणखी वेगळे नाव आले.

== एआरएम, ॲपल आणि मोबाइल प्रोसेसर ==

एआरएम ही ब्रिटिश कंपनी आज्ञावलीची आवृत्ती व प्रोसेसरचा आराखडा यांना वेगवेगळे क्रमांक देते. ‘एआरएमव्ही७’ ही आज्ञावलीची सातवी आवृत्ती आहे, तर ‘एआरएम७’ हे प्रोसेसरचे एक जुने कुटुंब आहे. त्या कुटुंबातील ‘एआरएम७टीडीएमआय’ या प्रसिद्ध प्रोसेसरात आज्ञावलीची चौथी आवृत्ती वापरली आहे. पुढे प्रोसेसरांना ‘कॉर्टेक्स’ हे नाव दिल्याने हा गोंधळ कमी झाला.

ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या संगणकांसाठी एम१ हा प्रोसेसर आणला. त्यानंतर एम२, एम३ व एम४ आले. येथे अंक पिढीचा असून प्रो, मॅक्स व अल्ट्रा हे शब्द श्रेणी दर्शवतात. ही पद्धत सुटसुटीत असली तरी श्रेणी व पिढी यांचा छेद तिच्यातही आहे. मार्च २०२५ मध्ये एम४ मॅक्स व एम३ अल्ट्रा हे एकाच संगणकाच्या दोन प्रकारांत एकाच वेळी उपलब्ध झाले आणि जुन्या पिढीचा अल्ट्रा वरच्या किमतीला होता.

मोबाइल संचांत क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगनचे तीन अंकी क्रमांक डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालेल्या ८८८ पर्यंत चालले. त्यानंतर २०२१ च्या अखेरीस ‘स्नॅपड्रॅगन ८ जेन १’ अशी नवी पद्धत सुरू झाली आणि २०२४ मध्ये ‘८ एलिट’ हे नाव आले.

== निर्मितितंत्राची नावे ==

प्रोसेसरच्या जाहिरातीत १४, १०, ७ किंवा ५ नॅनोमीटर असे आकडे दिलेले असतात. पूर्वी हा आकडा ट्रान्झिस्टरच्या एखाद्या प्रत्यक्ष मापाशी निगडित असे. अलीकडे तो निर्मितितंत्राच्या टप्प्याचे नाव झाला आहे. त्यामुळे दोन कंपन्यांच्या ‘७ नॅनोमीटर’ तंत्रांची घनता सारखी असतेच असे नाही. जुलै २०२१ मध्ये इंटेलने आपल्या सुधारित १० नॅनोमीटर तंत्राचे नाव बदलून ‘इंटेल ७’ केले. या नावात नॅनोमीटर हे एककच नाही. ऑल्डर लेक प्रोसेसर याच तंत्राने तयार होतात.

== भारतातील नामकरण ==

=== परम महासंगणक ===

पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजे सी-डॅकची, स्थापना १९८८ मध्ये झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. संस्कृतमधील ‘परम’ या शब्दातच समांतर यंत्र या अर्थाच्या इंग्रजी संज्ञेचे संक्षिप्त रूप साधले आहे.

या मालिकेत यंत्राचे नाव एकच राहिले आणि आतील प्रोसेसर मात्र वारंवार बदलले. परम ८००० मध्ये इनमॉस कंपनीचे टी८०० ट्रान्सप्युटर होते. परम ८६०० मध्ये इंटेलचे आय८६० वापरले गेले. परम ९००० च्या नावाला तिरकी रेघ देऊन प्रोसेसरची अक्षरे जोडली जात : ‘एसएस’ म्हणजे सुपरस्पार्क, ‘यूएस’ म्हणजे अल्ट्रास्पार्क व ‘एए’ म्हणजे डेक कंपनीचा अल्फा. १९९८ च्या परम १०००० मध्येही अल्ट्रास्पार्क कुटुंबातील प्रोसेसर होते. त्यानंतर अंकांच्या जागी शब्द आले. परम पद्म या यंत्रात आयबीएमचे पॉवर४ प्रोसेसर होते आणि जून २००३ च्या जागतिक ५०० महासंगणकांच्या यादीत त्याला १७१ वे स्थान मिळाले. २००८ च्या परम युवा मध्ये इंटेल झिऑन प्रोसेसर आले. २०१३ च्या परम युवा २ मध्ये त्यांच्या जोडीला झिऑन फाय सहप्रक्रियक होते.

सुमारे दोन दशकांच्या या क्रमात किमान पाच कंपन्यांच्या प्रोसेसर-परंपरा एका नावाखाली येऊन गेल्या. ८००० वरून ९००० व १०००० होणे म्हणजे एकाच प्रोसेसरची सुधारित आवृत्ती निघणे नव्हे. २०२४ मध्ये परम रुद्र या नावाचे महासंगणक कार्यान्वित झाले, त्यांपैकी एक पुणे जिल्ह्यातील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या संशोधनासाठी आहे.

=== भारतीय प्रोसेसर ===

मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेला ‘अजित’, मद्रास येथील संस्थेचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ ही भारतीय प्रोसेसरांची प्रमुख नावे आहेत. अजित हा स्पार्क परंपरेतील, तर शक्ती व वेगा हे रिस्क-५ या खुल्या आज्ञावलीवर आधारलेले आहेत. रिस्क-५ मधील ५ हा त्या संशोधन-परंपरेतील पाचव्या आज्ञावलीचा क्रमांक आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या ‘विक्रम १६०१’ व ‘विक्रम ३२०१’ या नावांत पहिले दोन अंक अनुक्रमे १६ व ३२ बिटांचे आहेत. ४००४ च्या काळातील बिटसंख्या सांगणारी पद्धत येथे टिकून आहे.

== रेल्वे इंजिनांच्या नावांशी तुलना ==

अंकाक्षरी नामकरणाचे असेच प्रश्न इतर यंत्रांतही आढळतात. जळगाव जिल्ह्यातील भुसावळ येथे मध्य रेल्वेची विद्युत इंजिनांची शेड आहे. तेथील ‘डब्ल्यूएजी-७’ सारख्या नावांत डब्ल्यू म्हणजे रुंदमापी मार्ग, ए म्हणजे प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह, जी म्हणजे मालवाहतूक आणि ७ हा त्या प्रकारातील आराखड्याचा क्रमांक होय. प्रवासी गाडीसाठीच्या ‘डब्ल्यूएपी-४’ मध्ये ‘पी’ हे अक्षर येते. प्रोसेसरच्या अंत्याक्षराप्रमाणे हे अक्षर उपयोग सांगते. मालगाडीचे ७ व प्रवासी गाडीचे ४ यांची केवळ अंकांवरून तुलना करता येत नाही.

डिझेल इंजिनांत अंकाचा अर्थच बदलला. ‘डब्ल्यूडीएम-२’ मधील २ हा क्रमांक होता व त्या इंजिनाची शक्ती २,६०० अश्वशक्ती होती. पुढे अंकाने हजार अश्वशक्ती व अक्षराने त्यावरचे शेकडे दाखवण्याची पद्धत आली. तिच्यानुसार ३,१०० अश्वशक्तीच्या ‘डब्ल्यूडीएम-२सी’ चे नाव ‘डब्ल्यूडीएम-३ए’ झाले. इंजिन तेच राहिले, नाव बदलले. रेल्वेच्या नावांत आणि प्रोसेसरच्या नावांत एक मूलभूत फरक आहे : रेल्वेची नावे देखभाल करणाऱ्यांच्या सोयीसाठी असतात, तर प्रोसेसरची नावे मुख्यतः विक्रीसाठी असतात.

== व्यवहारातील परिणाम ==

=== जुन्या संगणकांची खरेदी ===

मोठ्या शहरांतील कार्यालयांनी बदललेले संगणक दुरुस्त करून जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणी विकले जातात. जळगाव, धुळे व नंदुरबार या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील अनेक विद्यार्थ्यांसाठीही असा संगणक हा परवडणारा पर्याय असतो. अशा विक्रीत ‘आय७ संगणक’ एवढाच उल्लेख असल्यास त्यातून फारसा बोध होत नाही.

२०११ चा टेबलावरील आय७-२६०० व बाराव्या पिढीचा आय३-१२१०० या दोघांतही चार गाभे व आठ धागे आहेत. आय३-१२१०० चा आराखडा दहा वर्षांहून अधिक नवा असल्याने तो अधिक वेगवान आहे. लॅपटॉपमधील आय७-७५००यू मध्ये दोनच गाभे आहेत, तर लगेच पुढच्या पिढीच्या आय५-८२५०यू मध्ये चार आहेत. श्रेणीचा अंक पाहून पहिला प्रोसेसर अधिक किमतीला घेणाऱ्या ग्राहकाचे नुकसान होते.

=== संगणक प्रणालीचा आधार ===

व्यापारी पिढीचा अंक काही वेळा संगणकाचे उपयुक्त आयुष्य ठरवतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने, मोजके अपवाद सोडून, इंटेलची आठवी किंवा त्यापुढील पिढी अधिकृतपणे आवश्यक ठरवली. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आठव्या पिढीतील आय५-८२५०यू चा आराखडा सातव्या पिढीच्या कॅबी लेकचाच विस्तार आहे. तरीही सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर यादीबाहेर राहिले. त्यामुळे सातव्या व आठव्या पिढीच्या जुन्या संगणकांच्या उपयुक्ततेत मोठा फरक पडला. लिनक्सच्या अनेक वितरणांना अशी पिढीची अट नसल्याने जुने संगणक त्यांवर चालू ठेवता येतात.

=== निविदा व संस्थांची खरेदी ===

‘कोअर आय५ किंवा समतुल्य’ एवढीच अट लिहिली असल्यास २००९ चा व २०२३ चा असे दोन्ही प्रोसेसर त्या अटीत बसू शकतात. शाळा, ग्रामपंचायत किंवा महाविद्यालयाच्या खरेदीत यामुळे जुना साठा नव्या दराने पुरवला जाण्याची शक्यता राहते. याउलट ‘चौदावी पिढी’ असा ब्रँडनिष्ठ उल्लेख केल्यास इतर कंपन्यांचे तेवढेच सक्षम प्रोसेसर वगळले जातात. हे दोन्ही टाळण्यासाठी गाभ्यांची किमान संख्या, बाजारात आल्याचे किमान वर्ष, आवश्यक संगणक प्रणालीचा आधार आणि सर्वमान्य चाचणीतील किमान गुण अशा अटी एकत्र देता येतात.

== नाव वाचण्याचा क्रम ==

प्रोसेसरचे पूर्ण नाव विंडोजमध्ये सेटिंग्जमधील सिस्टिमविषयक पानावर किंवा टास्क मॅनेजरमध्ये दिसते. ते पुढील क्रमाने वाचल्यास अर्थ स्पष्ट होतो.

# कुटुंब : कोअर, कोअर अल्ट्रा, रायझन, सेलेरॉन इत्यादी.
# पिढी किंवा मालिका : क्रमांकातील पहिला अंक किंवा पहिले दोन अंक.
# आराखडा व आरंभाचे वर्ष : हे नावात नेहमी नसते, कंपनीच्या अधिकृत तपशीलपत्रात मिळते.
# अंत्याक्षर : उपयोग व विजेचा वापर.
# श्रेणी : ३, ५, ७ किंवा ९. हिचा विचार शेवटी व त्याच पिढीपुरता करावा.

ग्राहक व्यवहारात सर्वप्रथम श्रेणी पाहतो, कारण तीच सर्वांत ठळक छापलेली असते. तुलनेच्या दृष्टीने मात्र ती सर्वांत शेवटची पायरी आहे. शिवाय मुख्य स्मृतीची क्षमता व साठवणुकीचा प्रकार या गोष्टी प्रोसेसरच्या नावात नसतात. फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी बसवल्यास जुन्या प्रोसेसरचा संगणकही दैनंदिन कामांत लक्षणीय वेगवान होतो.

== हेही पहा ==

* सूक्ष्मप्रक्रियक
* एक्स८६
* परम महासंगणक
* विजय भटकर
* प्रगत संगणन विकास केंद्र
* विंडोज ११